हातात आहे म्हणून वापरायचंच का?

गेली तीन-चार वर्षं माझं वाचन दोन कप्प्यांत चाललं होतं. सकाळी सवयी, शिस्त, मन, वेळेचं गणित असली पुस्तकं, म्हणजे ज्याला सगळे सेल्फ हेल्प म्हणतात ते, आणि रात्री राजकारण, लोकशाही कशी टिकते, कशी मोडते वगैरे. या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल असं मला कधी वाटलंच नाही. एक स्वतःला सुधारायचं वाचन आणि दुसरं जगाची काळजी करायचं. मागच्या वर्षी एक गोष्ट घडली आणि हे दोन कप्पे एकमेकांत सांडले, ते लिहून काढायचं बरेच दिवस मनात होतं.

आमचा एक वाचन गट आहे, चौदा जणांचा. सुरू मी केला, वॉट्सअॅप ग्रुप मी काढला, अॅडमिन मी एकटीच. पुस्तक कुठलं घ्यायचं ते मतदानाने ठरायचं पण तारीख, क्रम, कोण आधी बोलणार हे सगळं मी ठरवायचे, कोणी काही म्हणायचं नाही त्यामुळे ते बरोबरच चाललंय असं मी धरून चालले होते. एकजण मात्र सारखा विचारायचा. याला कमी मतं होती तरी हे आधी का, चर्चा परस्पर पुढे का ढकलली, असे लांबलचक मेसेज, तेही रात्री अकरानंतर. एका रात्री मी वैतागून त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. एक बटण दाबलं, झालं. कुठलाही नियम मोडला नव्हता कारण असा काही नियमच नव्हता. दुसऱ्या दिवशी गटातल्या सगळ्यात लहान मुलीने मला वेगळा मेसेज केला, "ताई, ग्रुप तुमचा आहे की आपला?"

मी तिला उत्तर दिलं नाही. काय देणार होते?

योगायोग असा की त्याच आठवड्यात रात्रीच्या कप्प्यात 'हाऊ डेमोक्रसीज डाय' चालू होतं, स्टीव्हन लेवित्स्की आणि डॅनियल झिब्लाट या हार्वर्डच्या दोन प्राध्यापकांचं, २०१८ चं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आता लोकशाह्या बऱ्याचदा रणगाड्यांनी मरत नाहीत, निवडून आलेली माणसंच त्या हळूहळू पोखरतात आणि यातलं पुष्कळसं कायद्याच्या चौकटीत राहूनच होतं. मग लोकशाही वाचवतं काय? तर ते दोन न लिहिलेले नियम सांगतात. एक, समोरच्याला शत्रू न समजता प्रतिस्पर्धी समजणं, म्हणजे त्यालाही सत्तेत यायचा तेवढाच हक्क आहे हे मनापासून मान्य असणं. आणि दुसरा, कायद्याने हातात असलेला अधिकार शेवटच्या टोकापर्यंत न ताणणं. हात आवरणं. हा दुसरा वाचला आणि मला ते बटण आठवलं.

अमेरिकेतलं उदाहरण इथे फार बोलकं आहे. जॉर्ज वॉशिंग्टन दोनदा अध्यक्ष झाले आणि १७९७ मध्ये घरी गेले. तिसऱ्यांदा उभं राहू नका असं तेव्हा संविधानात कुठेही लिहिलेलं नव्हतं, तरी जवळजवळ दीडशे वर्षं तो पायंडा टिकला, १९४० मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट तिसऱ्यांदा निवडून आले तेव्हा मोडला, आणि मग १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून तो कागदावर आणावा लागला. त्याच रूझवेल्टची त्याआधीची, १९३७ ची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आदल्या वर्षी ते ४८ पैकी ४६ राज्यं जिंकून आलेले, आणि सुप्रीम कोर्ट त्यांचे कायदे एकामागून एक रद्द करत होतं. त्यांनी तोडगा काढला की सत्तरी ओलांडूनही निवृत्त न होणाऱ्या प्रत्येक न्यायाधीशामागे एक नवा नेमायचा, जास्तीत जास्त सहा, म्हणजे नऊचं कोर्ट पंधरापर्यंत जाऊ शकलं असतं. न्यायाधीश किती असावेत हे अमेरिकेच्या संविधानात ठरवलेलंच नाही, त्यामुळे हे बेकायदा म्हणता आलं नसतं. पण ते झालं नाही. अडवणाऱ्यांत रूझवेल्ट यांच्या स्वतःच्याच पक्षाची माणसं पुढे होती. आपला नेता लोकप्रिय आहे, आपलं बहुमत आहे, कायदा आड येत नाही आणि तरीही हे करायचं नाही, असं म्हणणारी माणसं त्या पक्षात होती. माझ्या ग्रुपमध्ये असं एकच माणूस निघालं, ती लहान मुलगी.

आता सकाळच्या कप्प्याकडे येते. 'अॅटॉमिक हॅबिट्स' मधलं रोज एक टक्का सुधारणा आणि वर्षाला ३७ पट वालं गणित सगळ्यांना माहीत असतं, मला ते फारसं पटत नाही, माणूस म्हणजे काही चक्रवाढ व्याज नाही. पण त्याच पुस्तकाच्या लेखकाचा, जेम्स क्लिअरचा, दुसरा मुद्दा खरा आहे, की ध्येय कितीही मोठं ठेवलं तरी माणूस रोजच्या व्यवस्थेच्या पातळीवर येऊन थांबतो, आणि प्रत्येक छोटी कृती म्हणजे आपल्याला कोण व्हायचंय त्यासाठी टाकलेलं एक मत असतं. मत हा शब्द त्याचाच आहे. मी वर्षभर ते वाक्य व्यायाम आणि झोपेला लावत होते, माणसांशी वागण्याला कधी लावलंच नाही. ती रात्र धरली तर मी कोणाला मत देत होते?

आणि इथे मला या पुस्तकांबद्दल तक्रार पण आहे. स्टीफन कोवीचं १९८९ चं 'सेव्हन हॅबिट्स' हे पुस्तक मी दोनदा वाचलंय आणि त्याने मला खूप दिलंय, पण त्यातली ती दोन वर्तुळं, एक काळजीचं आणि एक आपल्या प्रभावाचं, ती वाचून मी सगळं राजकारण सरळ काळजीच्या वर्तुळात टाकून मोकळी झाले होते. आपल्या हातात नाही ना, मग मनःशांती बिघडवायची कशाला. माझ्या ओळखीतले कितीतरी शहाणे, शिस्तीचे, पहाटे उठणारे लोक असंच करतात आणि त्याला परिपक्वता म्हणतात. कोवी तसं म्हणत नाही हे खरं, तो उलट म्हणतो की लक्ष प्रभावावर दिलं की ते वर्तुळ वाढत जातं, पण आपण सोयीचं तेवढंच घेतो. मग टिमोथी स्नायडरचं 'ऑन टिरनी' वाचलं, २०१७ चं, अगदी छोटंसं, वीस धडे आहेत. पहिलाच धडा आहे, कोणी सांगायच्या आधीच आज्ञा पाळायला लागू नका. आणि पुढे एक धडा आहे लोकांच्या नजरेला नजर द्या, दोन शब्द बोला. हुकूमशाहीवरच्या पुस्तकात हे! म्हणजे यातलं कितीतरी प्रभावाच्या वर्तुळातच होतं, रोज होतं, मी ते तिथे ठेवलंच नव्हतं.

राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांचा इटलीचा अभ्यास पण याच बाजूचा. १९७० मध्ये तिथे प्रादेशिक सरकारं आली, कागदावर रचना जवळपास सारखीच, तरी काही ठिकाणी कारभार उत्तम आणि काही ठिकाणी दुरवस्था. पुटनमना फरकाचं मोठं कारण जे दिसलं ते लोकांच्या एकत्र येण्याच्या सवयीत, गायनमंडळं, फुटबॉल क्लब, असल्या गोष्टींत. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेब हेच वेगळ्या बाजूने सांगून गेले होते, की संविधान कितीही चांगलं असलं तरी ते राबवणारे वाईट निघाले तर ते वाईटच ठरेल. त्याच भाषणात राजकारणातल्या भक्तीबद्दलचा इशारा आहे, की धर्मात भक्तीने आत्म्याला मोक्ष मिळेलही पण राजकारणात भक्ती म्हणजे अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा रस्ता. हे मी शाळेपासून ऐकलंय आणि दर वेळी दुसऱ्या कोणाच्या तरी भक्तीबद्दल ऐकलंय. आमच्या गटात मला कोणी काही विचारत नव्हतं याचं मला बरं वाटत होतं, ते काय होतं मग?

सगळ्यात अवघड मला हरणं गेलं. अॅडम प्रशेवोर्स्की या राज्यशास्त्रज्ञाची एक व्याख्या आहे, लोकशाही म्हणजे जिच्यात पक्ष निवडणुका हरतात अशी व्यवस्था. पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलं, हे काय, एवढंच? आता वाटतं यात सगळं आलं. हरलेल्याने हार मानायची, गट सोडून जायचं नाही, पुढच्या वेळी परत उभं राहायचं, आणि जिंकलेल्याने हरलेल्याची जागा शाबूत ठेवायची. कॅरल ड्वेक यांच्या ग्रोथ माइंडसेटचं पुस्तक मी करिअरसाठी वाचलं होतं, की चुकणं म्हणजे आपण कमी असणं नव्हे. हे ज्याला जमत नाही तो मतदानात हरला की त्याला आपला अपमान झाल्यासारखंच वाटणार ना.

ग्रुपमधून काढलेल्या त्या मित्राला मी फोन केला, मेसेज नाही. माफी मागितली, ती गटासमोरही मागितली. तो आठवडाभर काही बोलला नाही, मग परत आला. आता तीन अॅडमिन आहेत आणि दर चार महिन्यांनी बदलतात, कोणालाही काढायचं झालं तर आधी सगळ्यांना विचारायचं असं ठरलंय. ठरवलं तेव्हा मला आत कुठेतरी टोचलं, ते अजून पूर्ण गेलेलं नाही.

या महिन्याचं पुस्तक त्याने सुचवलेलं आहे. मी विरोधात मत दिलं होतं, नऊ विरुद्ध पाच असं ते निवडून आलं. ऐंशी पानं झालीत, रविवारी त्याच्याशी वाद घालायचे तीन मुद्दे काढून ठेवलेत.