कार्लाइलचे ‘इंडियन’ आणि आमचे बाबा

बाबा सध्या आमच्याकडे पेनसिल्व्हेनियात आहेत. थंडीमुळे त्यांचं संध्याकाळचं फिरणं बंद झालंय, म्हणून गेल्या शनिवारी त्यांना जवळच्या कार्लाइल गावातलं संग्रहालय दाखवायला नेलं. भिंतीवर एक जुना फोटो होता. जाड जर्सी घातलेली, मान ताठ ठेवून बसलेली पोरं. खाली लिहिलं होतं, ‘कार्लाइल इंडियन्स’.

“अगं, ही आपली पोरं इकडे कधी आली?” बाबा.

आपली नव्हेत. ही इथल्या मूळ रहिवाशांची मुलं. १८७९ साली रिचर्ड प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने इथल्या छावणीत त्यांच्यासाठी निवासी शाळा काढली. शेकडो मैलांवरून मुलं आणायची, त्यांचे केस कापायचे, नावं बदलायची, स्वतःची भाषा बोलली की शिक्षा. ‘आतला इंडियन मारा आणि माणूस वाचवा’ असं प्रॅट भाषणात उघडपणे म्हणाला होता. आणि हीच शाळा पुढे हार्वर्डला फुटबॉलमध्ये घाम फोडत होती!

बाबा तरुणपणी कबड्डी खेळलेले. टीव्हीवरचा अमेरिकन फुटबॉल पाहून “याला पाय तर लागतच नाही” अशी तक्रार रोज असते. पण तेव्हाचा खेळ त्यांना पटकन समजला, कारण ती निव्वळ पकड होती. घोळका करायचा आणि समोरच्यांच्या अंगावर घुसायचं. १९०५च्या हंगामात इतकी मुलं दगावली की अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना थेट व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. पुढच्या वर्षी नियम बदलले आणि चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. कार्लाइलची पोरं अंगाने हलकी पण चपळ, त्यांना हे फावलं. १९०७ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या (‘पेन’) बलाढ्य संघाला २६–६ असं लोळवलं.

बाबांना सगळ्यात आवडली ती १९०३ची हार्वर्डविरुद्धची लबाडी. प्रशिक्षक पॉप वॉर्नरने एका जर्सीच्या खालच्या कडेला इलॅस्टिक शिवून घेतलं होतं. चेंडू आला, सगळे गोळा झाले आणि तो चार्ल्स डिलनच्या पाठीवर जर्सीत सरकवला. हार्वर्डवाले चेंडू शोधतायत आणि डिलन मोकळ्या हातांनी पळत सुटलाय! सामना मात्र कार्लाइलने १२–११ असा गमावला. “एका गुणाने?” बाबा असे हळहळले की जणू कालचीच मॅच.

मग याच शाळेचा खेळाडू जिम थॉर्प. १९११ मध्ये दुखऱ्या पायावर पट्ट्या बांधून तो हार्वर्डविरुद्ध उतरला, चार फील्ड गोल (लाथेने चेंडू खांबांमधून पाठवून) मारले आणि कार्लाइल १८–१५ने जिंकलं. १९१२ मध्ये स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन (पाच आणि दहा खेळप्रकारांच्या स्पर्धा) यांची सुवर्णपदकं मिळवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कार्लाइलने वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीला २७–६ने हरवलं. समोरच्या संघात होता आयझेनहॉवर, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला. वूंडेड नी या ठिकाणी याच अमेरिकी लष्कराने लकोटा जमातीच्या मूळ रहिवाशांची कत्तल केली, त्या घटनेला तेव्हा जेमतेम २२ वर्षं झाली होती. मी हा हिशेब सांगितल्यावर बाबा पुन्हा फोटोपाशी जाऊन उभे राहिले.

थॉर्पची पदकं १९१३ मध्ये काढून घेतली, कारण काय तर ऑलिंपिकला फक्त हौशी खेळाडू चालत आणि आधी दोन उन्हाळे तो पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. इकडे त्याच्या जिवावर सामन्यांची तिकिटं खपत होती, तो पैसा चालत होता. १९१४ मध्ये त्या पैशांच्या वापराची संसदीय चौकशी झाली. खेळाडूंनीच वॉर्नरविरुद्ध साक्षी दिल्या. १९१८ मध्ये शाळा बंद पडली. एकमेव विजेता म्हणून थॉर्पचं नाव ऑलिंपिकच्या नोंदीत परत यायला २०२२ उजाडलं. तो गेला १९५३ मध्ये.

शाळेच्या जागी आता लष्कराचं वॉर कॉलेज आहे. तिथेच दगावलेल्या मुलांच्या कबरींची कबरस्तानात रांग आहे, काही दगडांवर नाव नाही, नुसतं ‘अज्ञात’. २०१७ पासून काहींचे अवशेष त्यांच्या घरच्यांकडे परत पाठवले जातायत.

थॉर्प स्वतः मात्र घरी, ओक्लाहोमाला नाहीच गेला. त्याच्या बायकोने करार केला आणि पेनसिल्व्हेनियातल्याच एका गावाने स्वतःला त्याचं नाव लावून त्याला आपल्याकडे पुरलं. त्या गावात तो कधी राहिलाही नव्हता. त्याच्या मुलांनी खटला भरला, हरले. आमच्यापासून दोनेक तासांचा रस्ता. बाबांनी पुढचा शनिवार ठरवून टाकलाय आणि थालीपीठं मीच करायची आहेत म्हणे.