सिंहासनावरचा नेपोलियन : काम अर्मिनपर्यंत आलं

फ्रेंच चित्रकार आंग्रनं 1806 मध्ये रंगवलेल्या सिंहासनारूढ नेपोलियनची प्रत करतोय. मूळ कॅनव्हास साधारण 260 बाय 162 सेंटिमीटर, माझा बरोबर निम्म्या मापाचा. राखाडी अंडरपेंटिंग (रंगांखालचा पहिला थर) वाळलंय, मखमलीवर लाल ग्लेझ (पारदर्शक रंगाचे थर) चढताहेत. थर पातळ ठेवायचे आणि वाळू द्यायचे, बाकी त्यात काही नाही.

खरी मजा रेखांकनात आली. मधोमध उभी रेघ ओढली आणि चेहरा तिच्यावर नेमका सरळ बसला. मान कुठेच कललेली नाही, नजर थेट समोर. सिंहासनाची सोनेरी गोल पाठ डोक्यामागे अशी येते की तिची प्रभावळच होते. एका हातात उंच धरलेला मध्ययुगीन सम्राट शार्लमेनच्या मूर्तीचा राजदंड, दुसऱ्यात टोकाला हस्तिदंती पंजा असलेला न्यायदंड. आणि शरीर? मखमल आणि अर्मिनखाली (काळ्या टिपक्यांच्या पांढऱ्या फरखाली) गुडघा कुठे, कंबर कुठे, शोधून सापडत नाही. माणूसपण दाखवणारं जे जे, ते आंग्रनं झाकून टाकलंय.

हा साचा देवाचा आहे. फ्लेमिश चित्रकार यान व्हान आयकच्या, घेंटच्या चर्चमधल्या वेदीचित्रात (1432) मधल्या फलकावर देव असाच समोरून, सिंहासनावर बसलाय. फ्रेंच फौजेनं 1794 मध्ये ते मधले फलक पॅरिसला नेले होते, म्हणजे आंग्रच्या काळात ते तिथेच होते. 1806 च्या सलोंमध्ये (पॅरिसच्या सरकारी चित्रप्रदर्शनात) समीक्षकांनी आंग्रचं हे चित्र 'गॉथिक', म्हणजे जुनाट मध्ययुगीन वळणाचं, म्हणून झोडपलं. माझ्या मते त्यांना खटकलं तेच त्याचं बळ.

भव्यता आकारात असते असं मला वाटत नाही. चित्रकार दाविदचं नेपोलियनच्या राज्याभिषेकाचं चित्र जवळजवळ दहा मीटर रुंद आहे, पण तिथला नेपोलियन गर्दीत उभा असलेला, बाजूनं दिसणारा माणूसच राहतो. आंग्रच्या चित्रात मात्र त्याच्याशेजारी कुणीच नाही. माप निम्मं केलं तरी तो दरारा तसूभर कमी होत नाही, हे माझ्याच कॅनव्हासवर दिसतंय.

आता अर्मिन. पांढरा थेट वापरायचा नाही. सावलीत गार राखाडी, उजेडात किंचित पिवळसर, काळे टिपके सगळ्यात शेवटी, कडा मऊ ठेवून. सोन्यासाठी सोनेरी रंग घेणार नाही. यलो ऑकर, रॉ अंबर आणि चमकेपुरता नेपल्स यलो, एवढ्यावर भागतं. त्यानंतर पायाशी पसरलेला गालिचा आणि त्यावरचा गरुड. गरुड म्हणजे झ्यूसचा पक्षी, त्यामुळे त्याचे पंख घाईत उरकायचे नाहीत.