चादरीच्या बिलावरची चिन्हं

सोलापुरात चादरीच्या बिलावर मापाच्या 60 आणि 90 यांच्या मध्ये सर्रास इंग्रजी एक्स ठोकलेला असतो. खरं × विंडोजवर सोपं आहे: ऑल्ट दाबून ठेवा, 0215 टाइप करा, ऑल्ट सोडा. अंशाच्या चिन्हासाठी 0176. इथल्या मे महिन्यात ° ला सुट्टी नसते! आकडे नंबरपॅडवरचेच, नम लॉक चालू हवा. सुरुवातीचं शून्य गाळलंत तर बऱ्याच ठिकाणी ° ऐवजी ░ उमटतं, कारण मग डॉसच्या काळातली जुनी कोडयादी लागू होते.

₹ ला कोड नकोच. भारतीय इंग्रजी कीबोर्ड निवडून उजवा ऑल्ट आणि 4.

इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्ड-मांडणीत, ‘व्यापाऱ्यांना’ लिहिताना साधा र घेतला की रफार चढून ‘व्यापार्यांना’ होतं. र ची कळ शिफ्टसह दाबा, मग हलन्त, मग य.