विष आहे म्हणूनच

जीवरसायनशास्त्र शिकवते म्हटलं की कधी ना कधी हे कानावर येतंच: ‘जी अळंबी खाऊन माणसं मरतात, तिच्यातून औषध कसं निघणार?’ तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

ही अळंबी म्हणजे डेथ कॅप. तिच्यातलं मुख्य विष अल्फा-अमॅनिटिन. ते शिजवून जात नाही, वाळवूनही नाही. खाल्ल्यावर बहुधा ६ ते १२ तास काहीच जाणवत नाही. मग उलट्या-जुलाब. त्यानंतर एखादा दिवस बरं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच यकृत निकामी होत असतं. या फसव्या दिवसाची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

पेशीला प्रथिनं बनवायची तर आधी डीएनएवरची माहिती उतरवून घ्यावी लागते. ते काम करणाऱ्या आरएनए पॉलिमरेज-२ या विकराला (एन्झाइमला) अमॅनिटिन घट्ट धरतं आणि उतरवणं जवळपास थांबतं. नेहमीच्या केमोथेरपीतली बरीच औषधं पेशी विभाजित होत असतानाच तिला गाठतात. निपचित पडलेल्या कर्करोगपेशी त्यातून निसटतात. अमॅनिटिनला विभाजनाची वाट पाहावी लागत नाही. संशोधक त्याच्या मागे लागले ते यासाठी.

त्यात निसर्गाने एक विलक्षण दुवा ठेवलाय. कर्करोगाला अटकाव करणारं टीपी-५३ हे जनुक आणि या विकराच्या मुख्य भागाचं जनुक १७व्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत. पुष्कळ गाठींमध्ये पहिल्याची एक प्रत गळते तेव्हा शेजाऱ्याचीही जाते. मग विकर आधीच तुटपुंजं असलेल्या त्या पेशींना थोडं विषही पुरतं. आतड्याच्या कर्करोगावर उंदरांमध्ये केलेल्या प्रयोगांत हे दिसलं, ते २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. वाचून मी अक्षरशः हरखून गेले होते.

अडचण यकृताचीच. त्याच्या पेशी हे विष स्वतःहून आत ओढून घेतात. बाकीच्या बहुतेक पेशींत ते सहजी शिरत नाही. म्हणून अमॅनिटिन प्रतिपिंडाला (अँटिबॉडीला) जोडतात. प्रतिपिंड कर्करोगपेशीवरची खूण ओळखून आत जातं आणि तिथे विष सुटं होतं. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेतल्या कर्करोगासाठी हायडेलबर्ग फार्मा या जर्मन कंपनीने असं औषध रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत नेलं आहे.

‘मग कणभर अळंबी खाल्ली तर?’ असंही काहीजण विचारतात. कृपा करून असा विचार मनातही आणू नका. खाल्लेल्या अळंबीतल्या विषाला प्रतिपिंड जोडलेलं नसतं; ते सरळ यकृतात जातं.