आबांचा खालचा बर्थ

गेल्या हिवाळ्यात डोळ्यांच्या तपासणीसाठी आबांना कोल्हापूरहून मुंबईला न्यायचे होते. एसटीत बसून त्यांचे पाय सुजतात, म्हणून महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी दादरला उतरायचे ठरले. आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते. आम्हाला मात्र तारीख जेमतेम तीन आठवडे आधी मिळाली. तरीही स्लीपरमध्ये दोन जागा मिळाल्या, याच आनंदात मी होतो. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, हे आबांना अजूनही पटत नाही आणि पूर्ण भाडे ऐकून त्यांनी नेहमीप्रमाणे कुरकुर केली.

गाडीत चढल्यावर खरी अडचण लक्षात आली. आबांना मधला बर्थ मिळाला होता आणि मला वरचा. खालच्या बर्थवरच्या कॉलेजच्या मुलाने मिरज येण्याआधीच आपली जागा आबांना देऊ केली, म्हणून आमची रात्र निभावली. समोर बसलेल्या एका निवृत्त गृहस्थांनी मग मला माझी चूक समजावून सांगितली. ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, परंतु तो एकट्याने किंवा अशाच दोघांनी एका तिकिटावर प्रवास केला तरच लागू होतो. माझ्यासारख्या चाळिशीतल्या मुलाचे नाव त्याच तिकिटावर घातले, की तो कोटा मिळत नाही.

परतीची तारीख डॉक्टरांवर अवलंबून असल्याने ते तिकीट मी काढलेच नव्हते. ती ठरताच आबांचे तिकीट ज्येष्ठ नागरिक कोट्यातून आणि माझे सर्वसाधारण कोट्यातून, असे वेगवेगळे काढले. आबांना खालचा बर्थ लगेच मिळाला. माझे तिकीट आरएसीत गेले आणि तेही तीन डबे पलीकडे. बाजूच्या खालच्या बर्थवर एका अनोळखी माणसाशेजारी अर्धी जागा वाट्याला आली.

कर्जतला घाट चढण्यासाठी मागून इंजिने जोडेपर्यंत गाडी थांबते, तेव्हा आतल्या आत डबे ओलांडत मी आबांना पाहून आलो. ते गाढ झोपले होते. सकाळी कोल्हापूरला उतरल्यावर त्यांनी विचारले, "तू का रे एवढा पेंगुळलायस?"