नातीचं गाव कुठलं असावं?

लेक-जावई शिकागो सोडायचं म्हणताहेत. नात लवकरच किंडरगार्टनला जाईल, त्याआधी कुठेतरी कायमचं बस्तान बसवावं असं दोघांच्या मनात आहे. जावई ब्लॅक, शिकागोच्या साउथ साइडला जन्मलेला-वाढलेला, इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर. लेक फार्मसिस्ट. तीन नावं चर्चेत आहेत: अटलांटा, ह्यूस्टन, नाहीतर आम्ही राहतो ती, वॉशिंग्टनला लागून असलेली मेरीलँडची प्रिन्स जॉर्जेस काउंटी. बॉस्टनहून लेकीला चांगली ऑफर आली होती, पण तो विषय मीच लवकर संपवला. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने २०१५ साली एक अहवाल प्रसिद्ध केला होता. त्या परिसरातल्या गोऱ्या कुटुंबांची रांग लावली तर अगदी मधल्या कुटुंबाची निव्वळ मालमत्ता २,४७,५०० डॉलर. अमेरिकेतच जन्मलेल्या ब्लॅक कुटुंबांची तशीच रांग लावली तर मधल्या कुटुंबाची ८ डॉलर. आठ हजार नव्हे, आठ.

‘ब्लॅक कुटुंबांसाठी सर्वांत चांगली शहरं’ अशा याद्या नेहमी निघतात. सरासरी उत्पन्न, स्वतःचं घर असलेल्यांचं प्रमाण, धंद्यांची संख्या, सगळं एकत्र करून गुण देतात. निवृत्त होईपर्यंत गृहकर्जाच्या फायली तपासणं हेच माझं काम होतं, त्यामुळे असे आकडे दिसले की त्यांच्या मागे काय आहे ते शोधायची सवय लागली आहे. शहरातला डॉक्टर किती कमावतो ते यादीत कळतं. त्याच शहरात गरिबाघरी जन्मलेल्या पोराचं पुढे काय होतं, नोकरी गेली तर पाठीशी कोण उभं राहतं, बँक कोणाची, कॉलेज कोणाचं, कंत्राटं कोणाला, हे कळत नाही. मला तेच आधी बघायचं असतं.

आमच्या काउंटीपासून सुरुवात करते. बोवी, मिचेलव्हिल या भागात गाडीने फिरलात तर मोठमोठी विटांची घरं, कापलेली हिरवळ, आणि घरमालक बहुतेक ब्लॅक. वकील, डॉक्टर, लष्करातून निवृत्त झालेले अधिकारी, आणि सगळ्यांत जास्त फेडरल सरकारचे नोकरदार. याचं कारण साधं आहे. खाजगी कंपन्यांची दारं बंद होती तेव्हाही सरकारी नोकरीत ग्रेड ठरलेली, ग्रेडप्रमाणे पगाराचा तक्ता जाहीर, आणि निवृत्तीनंतर पेन्शन. शेजाऱ्याचा पगार माझ्यापेक्षा जास्त का, हा प्रश्नच उरत नाही. या तक्त्यावर इथल्या दोन पिढ्यांनी घरं बांधली, मुलांना वॉशिंग्टनच्या हॉवर्ड या ब्लॅक विद्यापीठात पाठवलं.

पण सगळी भिस्त एकाच मालकावर असली की काय होतं ते २०२५ मध्ये आमच्या रस्त्यावर दिसलं. फेडरल नोकऱ्या धडाधड कापल्या गेल्या आणि दुपारच्या वेळी ड्राइव्हवेमध्ये गाड्या उभ्या दिसायला लागल्या. त्याआधी २००८ च्या गृहकर्ज संकटातही ही काउंटी होरपळली होती. त्या काळात रिफायनान्ससाठी आलेल्या काही फायली मला अजून आठवतात. पगार पक्का, क्रेडिट स्कोअर उत्तम, आणि गळ्यात मारलेलं कर्ज मात्र सबप्राइम, म्हणजे पत खराब असलेल्यांना देतात तसलं महागडं, दोन वर्षांनी व्याजदर उडी मारणारं. साधं तीस वर्षांचं स्थिर व्याजाचं कर्ज ज्यांना हसत मिळालं असतं त्यांना ते कोणी दाखवलंच नव्हतं. त्यातली कितीतरी घरं गेली. म्हणून ‘श्रीमंत ब्लॅक काउंटी’ हे शब्द ऐकले की मी आधी विचारते, घरावर कर्ज कुठलं आहे?

शिवाय इथे घरं आहेत, पण जीव शहरात आहे. वॉशिंग्टन १९७० साली सत्तर टक्क्यांहून जास्त ब्लॅक होतं, साधारण २०११ पासून ते प्रमाण निम्म्याखाली आहे. २०१९ साली शॉ भागातल्या एका फोनच्या दुकानाबाहेर वर्षानुवर्षं वाजणारं गो-गो, म्हणजे वॉशिंग्टनच्या ब्लॅक लोकांचं स्वतःचं संगीत, शेजारच्या नव्या इमारतीतल्या तक्रारीमुळे बंद झालं, तेव्हा माणसं शेकड्यांनी रस्त्यावर आली, चौकात बँड उभे राहिले, आणि संगीत परत सुरू झालं. पुढच्या वर्षी शहराने गो-गोला अधिकृत संगीताचा दर्जा दिला. मला या प्रसंगाचा मनापासून आनंद आहे. पण त्या गर्दीतले कितीतरी जण रात्री घरी परतले ते आमच्या काउंटीत, कारण शहरातलं भाडं त्यांना कधीच परवडेनासं झालं आहे.

आता शिकागो. विहीणबाईंचं घर चॅथममध्ये आहे, विटांचा बंगलो, पुढे दोन पायऱ्या आणि कुंड्या. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी ब्लॉक क्लबची, म्हणजे गल्लीतल्या रहिवाशांच्या मंडळाची, पाटी आहे: रस्त्यावर बॉल खेळू नये, मोठ्याने गाणी लावू नयेत, गाड्या धुऊ नयेत, वेग कमी ठेवावा. पाटीचा रंग उडाला की क्लबच्या वर्गणीतून नवा देतात. पोस्टातले कर्मचारी, बसचे ड्रायव्हर, शाळामास्तर अशा लोकांनी ही वस्ती उभी केली आणि राखली. विहीणबाईंचे आईवडील मिसिसिपीहून इलिनॉय सेंट्रल रेल्वेच्या गाडीने आले. १९१६ ते १९७० या काळात दक्षिण सोडून आलेल्या साठ लाख लोकांपैकी ते दोघं. ब्लॅक लोकांना उत्तरेला या म्हणणारा ‘शिकागो डिफेंडर’ हा पेपर १९०५ साली निघाला आणि रेल्वेच्या पुलमन शयनडब्यांतले ब्लॅक पोर्टर तो लपवून दक्षिणेत पोचवायचे. एकाने मोठ्याने वाचायचा, दहांनी ऐकायचा, आणि मग सामान बांधायचं.

संस्कृतीच्या बाबतीत शिकागोपुढे मला बाकीची शहरं कमी वाटतात. ब्लूज, गॉस्पेल, हाउस संगीत तर आहेच. पण ऑगस्टमधली बड बिलिकन परेड बघा, १९२९ पासून चालू आहे. शाळांची ढोलपथकं, रस्त्याच्या कडेला पहाटेपासून तंबू ठोकून ग्रिल पेटवलेली कुटुंबं, आणि घरातल्या तीन-चार पिढ्या एकाच चादरीवर. नातीला तिथे ओळखीचे इतके लोक भेटतात की पन्नास पावलं चालायला अर्धा तास लागतो.

मग सोडायचं का? कारण पायाखालची जमीन सरकते आहे. १९८० साली शिकागोत सुमारे बारा लाख ब्लॅक लोक होते, २०२० मध्ये आठ लाखांच्याही खाली आले. साउथ वर्क्स ही अवाढव्य पोलाद गिरणी १९९२ साली बंद पडली. २०१३ साली शहराने एका फटक्यात पन्नासच्या आसपास शाळा बंद केल्या, त्यातल्या बहुतेक ब्लॅक वस्त्यांतल्या. आणि घराचं म्हणाल तर, विहीणबाईंच्या बंगलोसारखाच बंगलो गोऱ्यांची वस्ती जास्त असलेल्या नॉर्थ साइडला किती पटीने महाग आहे हे मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी कागद घडी घालून बायबलमध्ये ठेवला आणि म्हणाल्या, “आमचे आईबाप जिथून जीव घेऊन पळाले, तिथेच आता पोरं परत चाललीत.”

या बाईंशी माझी मैत्री जमली ती महात्मा फुल्यांमुळे. १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापताना जोतीरावांनी ती अमेरिकेत गुलामगिरी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली, आणि ती अर्पणपत्रिका इंग्रजीतच आहे. मी ती वाचून दाखवली तेव्हा त्यांनी दोनदा वाचायला लावली, आणि फेब्रुवारीत त्यांच्या चर्चच्या पत्रकात छापून आणली. आपल्या माणसाने दीडशे वर्षांपूर्वी इतक्या लांबून यांच्याकडे पाहिलं होतं, हे मला फार मोलाचं वाटतं. नातीला हे दोन्हींकडून कळायला हवं.

ह्यूस्टनबद्दल थोडक्यात. थर्ड वॉर्डमधलं इमॅन्सिपेशन पार्क मला आवडलं: १८७२ साली, गुलामीतून सुटून जेमतेम सात वर्षं झालेल्या लोकांनी पैसे जमवून दहा एकर जागा घेतली, जूनटीन्थ, म्हणजे गुलामीतून सुटकेचा दिवस, साजरा करायला हक्काची जागा हवी म्हणून. घरं मोठी आणि शिकागोच्या मानाने स्वस्त, राज्याचा प्राप्तिकर नाही. इलेक्ट्रिशियनला बंदर, रिफायनऱ्या, मेडिकल सेंटर असं भरपूर काम. नायजेरियन कुटुंबंही खूप आहेत, त्यामुळे ‘ब्लॅक’ म्हणजे एकच एक माणूस नाही हे मुलांना आपोआप दिसतं. पण प्रॉपर्टी टॅक्स चांगलाच जड आहे, आणि २०१७ च्या हार्वी वादळात पाणी कुठवर आलं होतं हे विचारल्याशिवाय तिथे मी एकही घर घेऊ देणार नाही. शहर इतकं पसरलेलं की चर्च एका टोकाला, काम दुसऱ्या, शाळा तिसऱ्या. लेकीलाही ते मानवलं नाही.

अटलांटात मात्र जावई पहिल्या दिवसापासून खुलला. कारण मेनार्ड जॅक्सन. १९७३ साली, पस्तिसाव्या वर्षी, ते अटलांटाचे पहिले ब्लॅक महापौर म्हणून निवडून आले. तेव्हा शहराच्या कंत्राटांत ब्लॅक धंद्यांचा वाटा एक टक्कासुद्धा नव्हता. विमानतळाचं प्रचंड टर्मिनल बांधायचं होतं. जॅक्सननी सांगितलं, पंचवीस टक्के काम अल्पसंख्याकांच्या कंपन्यांना, मोठ्या कंपन्यांनी त्यांच्याशी भागीदारी करून यावं, नाहीतर टर्मिनल होणार नाही. मोठमोठे ठेकेदार आणि बँकवाले खवळले. जॅक्सन हलले नाहीत. १९८० साली टर्मिनल वेळेत उघडलं, आणि त्या कामावर उभ्या राहिलेल्या कंपन्यांनी पुढे माणसं तयार केली. आज विमानतळाच्या नावात जुने महापौर हार्ट्सफील्ड यांच्या जोडीला जॅक्सन आहेत. त्यांच्यानंतरचा प्रत्येक महापौर ब्लॅक आहे. कंत्राटावर पोट असलेल्या माणसाला हा इतिहास म्हणजे थेट रोजीरोटीचा प्रश्न. टेंडर उघडणाऱ्या टेबलापलीकडे आपल्यासारखं कोणी बसलेलं असणं, एवढ्यानेच जावयाचं बोलणं बदललं होतं.

ऑबर्न अॅव्हेन्यू या जुन्या ब्लॅक बाजारपेठेच्या रस्त्याला आम्ही चालत गेलो. गुलामीत जन्मलेल्या अलोन्झो हर्नडन यांनी न्हावीकामातून पैसा जमवून १९०५ साली इथे विमा कंपनी उभी केली, ती अटलांटा लाइफ. पुढे गेलं की अचानक डोक्यावर हायवे येतो. त्याच्याखाली उभं राहिलं की ट्रक गेल्यावर खांबाला लावलेल्या तळहाताला थरथर कळते, आणि बोलणं ऐकू येत नाही. वस्तीच्या बरोबर मधून तो नेला. डेट्रॉइटचं ब्लॅक बॉटम, न्यू ऑर्लिन्सचा क्लेबोर्न अॅव्हेन्यू, सेंट पॉलचं रोंडो, सगळ्या ब्लॅक वस्त्यांतून हायवेची हीच रेघ ओढलेली आहे. ऑबर्नचे दुकानदार पांगले, शहरातली ब्लॅक कॉलेजं मात्र टिकली. मुलांचं मोरहाउस १८६७ चं, मुलींचं स्पेलमन १८८१ चं, एकमेकांना लागून. पदवीच्या वेळी स्पेलमनच्या मुली पांढऱ्या कपड्यांत वेलींनी मढलेल्या कमानीतून चालत जातात. शिकलेल्या ब्लॅक बाया शेकड्यांनी, दरवर्षी, एकाच जागी! हे बघत मोठ्या होणाऱ्या मुलीला वेगळं काही समजवावं लागत नाही.

तरीही अटलांटाचं कौतुक मी अर्धंच करते. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली पन्नास मोठ्या महानगर परिसरांचा हिशोब मांडला. उत्पन्नाच्या सगळ्यांत खालच्या पाचव्या हिश्शातल्या घरात जन्मलेलं मूल वरच्या पाचव्या हिश्शात पोचण्याची शक्यता सॅन होजेमध्ये १२.९ टक्के, अटलांटात ४.५. शार्लट ४.४ वर, म्हणजे तळाला. आणि याद्यांमध्ये हीच दोन शहरं वर असतात! पदवी घेऊन, धंदा घेऊन बाहेरून येणाऱ्याला अटलांटा भरभरून देतं. तिथेच गरिबीत जन्मलेल्याला मार्टाची, म्हणजे तिथल्या सार्वजनिक वाहतुकीची, गाडीसुद्धा कामापर्यंत नेत नाही. १९७१ च्या मतदानात ग्विनेट आणि क्लेटन काउंटींनी मार्टा नाकारली, क्लेटनने होकार दिला तो थेट २०१४ साली. आता बेल्टलाइनच्या, म्हणजे जुन्या रेल्वेमार्गावर केलेल्या पायवाटेच्या, कडेने भाडी चढताहेत आणि २०२० च्या जनगणनेत शहरातलं ब्लॅक लोकांचं प्रमाण निम्म्याखाली गेलं.

एवढं सगळं बघूनही माझं मत अटलांटालाच आहे, आणि तेही नैऋत्य भागात, कॅस्केडच्या बाजूला. तिथल्या पेटन रोडवर डिसेंबर १९६२ मध्ये महापालिकेने चक्क आडवे अडथळे उभारले होते, कारण एका ब्लॅक डॉक्टरने पलीकडे घर घ्यायचं ठरवलं होतं. मार्च १९६३ मध्ये कोर्टाने ते काढायला लावले. आज तो सगळा भाग ब्लॅक मध्यमवर्गाचा आहे, जुनी झाडं, प्रशस्त घरं. जावयाने दोन घरं बघून ठेवलीत. मी अटी घातल्यात: कर्ज स्थिर व्याजाचं, एक खातं १९२१ पासून चालू असलेल्या सिटिझन्स ट्रस्ट या ब्लॅक मालकीच्या बँकेत, आणि धंदा सुरू झाला की दरवर्षी आसपासच्या वस्तीतली दोन तरी पोरं अप्रेंटिस म्हणून घ्यायची. तिसऱ्या अटीवर तो म्हणाला, ते सांगायलाच नको होतं.

वाद उरलाय तो चॅथमच्या घराचा. लेक म्हणते, विकून अटलांटाच्या डाउन पेमेंटला लावू आणि विहीणबाईंनाही घेऊन जाऊ. विहीणबाईंना चर्च सोडायचं नाही. मी पूर्ण त्यांच्या बाजूने आहे. २०२२ च्या आकड्यांप्रमाणे देशातल्या मधल्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता २,८५,००० डॉलर आणि मधल्या ब्लॅक कुटुंबाची ४४,९०० डॉलर आहे, आणि ही दरी पडण्यात मोठा वाटा आहे तो घरं घेऊ न देण्याचा आणि घेतलेली घरं हातची जाण्याचा. चॅथमचं घर कर्जमुक्त आहे. भाव कमी येतोय म्हणून मिळेल त्याला देऊन टाकायचं काही कारण नाही. अटलांटात थोडं लहान घर घ्यावं, विहीणबाईंनी चॅथममध्येच राहावं, आणि पुढेमागे तो बंगलो नातीच्या नावावर व्हावा. जावयाची जॉर्जियाच्या लायसन्सची परीक्षा होईपर्यंत तरी विक्रीचा विषय काढायचा नाही, असं सध्या ठरलं आहे.