कोकण किनारा आणि ठेंगणा घोडा

प्रवासाची तारीख पंचांग उघडून काढली. मुहूर्त बघायचा नव्हता, ओहोटी बघायची होती. कोकणातली जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात आणि भरतीची वेळ सांगतात. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला आणि ओहोटी ऐन दुपारी. घोड्याला याहून वाईट वेळापत्रक नाही. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास येते आणि ओहोटी पहाटे. थंड हवा आणि घट्ट ओली पुळण एकाच वेळी मिळते. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला दत्तजयंती, चौलच्या दत्ताची यात्रा, रस्त्यावर गाड्यांची रीघ. म्हणून अमावास्या धरली.

रेवदंड्याहून कोर्लई, काशीद, मुरुड. आगरदांड्याला खाडी ओलांडून दिघी. पुढे दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन आणि जमलंच तर हरिहरेश्वर. सगळं मिळून शंभर किलोमीटरच्या आसपास. मी घोड्यावर, मावसभाऊ टेंपोत. टेंपोत कडबा, चंदीची म्हणजे घोड्याच्या दाण्याची पोती, पाण्याचे कॅन आणि खुद्द मावसभावाचं नव्वदच्या पुढचं वजन. ते घोड्याच्या पाठीवर ठेवायला मी साफ नकार दिला होता. स्वार, खोगीर आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ नये, असा सर्वसाधारण हिशेब धरतात. माझा घोडा ठोंब्या ३६० किलोचा, म्हणजे मर्यादा ७२ किलो. मी ५६, खोगीर आणि बाकीचं सामान १२. काठावर पास.

ठोंब्याची आई धनगरांकडची भीमथडी घोडी, बाप मारवाडी. उंचीने तो आईवर गेला, जेमतेम ५५ इंच. छाती पिंपासारखी, पाठ आखूड, पुढच्या पायाची नळी जाड. सारंगखेड्याच्या यात्रेत अशा घोड्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. तिथे पैसे पडतात ते उंचीला, कानांच्या वळणाला, देवमणाला म्हणजे गळ्यावरच्या शुभ मानलेल्या भोवऱ्याला. नळी मुठीत धरून बघणारं गिऱ्हाईक मला तरी आजवर दिसलेलं नाही. लग्नात नाचवायला घोडा हवा असेल तर ते बरोबरच आहे म्हणा.

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये या बांध्याच्या घोड्याला कॉब म्हणतात. तिथे कुठल्याही जातीचा घोडा कॉब असू शकतो. बांधा तेवढा ठेंगणा, रुंद आणि हाडाने जाड हवा, डोकं थंड हवं. प्रदर्शनातल्या कॉबची उंची ६१ इंचांच्या वर चालत नाही. शिकार, गाडी, बाजारहाट, सगळं तो ओढून नेतो. पण लांब पल्ल्याच्या शर्यती तो जिंकत नाही. एका दिवसात १६० किलोमीटरची एन्ड्युरन्स शर्यत म्हणजे अरबी घोड्यांचं राज्य. बारीक अंगकाठी, पातळ कातडी, त्यामुळे अंगातली उष्णता भराभर बाहेर पडते. कॉबच्या जाड अंगात स्नायू भरपूर, ते तापतातही भरपूर, चरबी ती उष्णता आत धरून ठेवते, आणि त्या मानाने कातडीचं क्षेत्र कमी. त्यात पायांवर केसांचे झुपके. कोकणातल्या दमट हवेत त्या झुपक्यांखाली कातडी चिघळायला वेळ लागणार नाही. त्यामुळे आयर्लंडहून कॉब आणून काशीदला फिरवावा असं कोणाच्या मनात असेल तर त्याने तो विचार सोडून द्यावा. आपल्याकडे त्या बांध्याचा, आपल्या उन्हात वाढलेला घोडा आहे.

आणि लांब जायचं म्हणजे पळायचंच, असं कोणी सांगितलं? अमेरिकेतल्या एन्ड्युरन्स मंडळींचं ब्रीदच आहे की जो पुरं करतो तो जिंकतो. एमे चिफेली नावाचा स्विस शिक्षक १९२५ मध्ये ब्युनोस आयर्सहून निघाला आणि १९२८ मध्ये न्यूयॉर्कला पोचला. त्याच्याकडे मांचा आणि गातो हे क्रिओयो या दक्षिण अमेरिकन जातीचे दोन घोडे होते, ठेंगणे, दणकट आणि ऐन वयातले तर मुळीच नव्हेत. मांचा शेवटपर्यंत गेला. लोकांनी निघताना चिफेलीला वेड्यात काढलं होतं, पण घोडे निवडताना तो अजिबात वेडा नव्हता.

रेवदंड्यात आणखी एका घोडेवाल्याचं स्मारक आहे. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमाराला चौल बंदरात उतरला तेव्हा बरोबर विकायला एक घोडा होता. तेव्हा अरबस्तान-इराणचे घोडे गलबतांतून या किनाऱ्यावर उतरत आणि घाट चढून बहमनी राज्यात जात. निकितिनचा घोडा जुन्नरच्या सुभेदाराने काढून घेतला होता, मग परत मिळाला, शेवटी बिदरकडे विकला गेला. इथले लोक घोड्यांना वाटाणे आणि साखर-तेल घातलेली खिचडी चारतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. घाटावर उतरलेल्या त्या परदेशी घोड्यांचं रक्त भीमा-नीरेकाठच्या तट्टांत मिसळत गेलं, म्हणजे ठोंब्याचा कोणीतरी खापरपणजोबा याच वाळूत गलबतातून उतरला असण्याची शक्यता आहे. ठोंब्याला त्याचं काही नव्हतं. तो स्मारकाच्या रस्त्याकडेचं गवत शोधत होता.

साळावचा पूल अंधारातच ओलांडला, ट्रक सुरू व्हायच्या आत. कोर्लईचा किल्ला उजवीकडे समुद्रात शिरलेला दिसतो न दिसतो तोच उजाडलं आणि काशीदच्या पुळणीवर आलो तेव्हा पाणी पार मागे गेलेलं होतं. ओली वाळू टापेखाली दबते, पण खचत नाही. वर, सुरूच्या झाडांजवळ, कोरडी भुसभुशीत वाळू असते. तिथे घोडा पळवला की पायामागच्या शिरांवर ताण येतो. दिवसभर पर्यटकांना घेऊन पळणारे घोडे नेमके तिथेच पळतात. एक पोरगा घोडा घेऊन जवळ आला. "ताई, रेस लावता का?" म्हटलं, "नाही रे, आम्हाला श्रीवर्धनला जायचंय." तो ठोंब्याकडे बघून हसला. "याच्यावरून?"

एक तास दुडकी आणि कदम आलटून पालटून, मग दहा मिनिटं मी खाली उतरून लगाम धरून चालायचं. हे सैन्यातलं जुनं शहाणपण आहे. उतरलं की तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, सैल करायचा आणि डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावायचा. पंधरा सेकंद ठोके मोजून चौपट करायचे. उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४० असतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत प्रत्येक टप्प्यानंतर ठरलेल्या मिनिटांत ते ६४ वर यावे लागतात, नाहीतर पशुवैद्य घोडा बाद करतो. मग तो पहिला आलेला असो नाहीतर शेवटचा. हा नियम मला फार आवडतो. काशीदच्या टोकाला ठोंब्याचे ठोके आधी ७२ होते, पाच मिनिटांत ५२. हिरडी अंगठ्याने दाबली तर पांढरी पडून लगेच पुन्हा गुलाबी झाली. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, ती झटकन बसली. पोटाला कान लावला, आत गुडगुड चालू होती. लीद टाकली. सगळं ठीक.

मुरुड आणि जंजिऱ्यावर सगळ्यांनी लिहिलं आहे, मी लिहीत नाही. आगरदांड्याला ठोंब्याला टेंपोत चढवून टेंपोसकट फेरीबोटीवर घेतलं. लोखंडी फळीवर टापा वाजवत त्याला चालवण्यात शौर्य नाही, घसरण्याची हमी मात्र आहे.

या प्रवासातला खरा धडा मिळाला तो दिघीच्या पुढे, बोर्ली पंचतनच्या अलीकडे. कापलेल्या भातशेतात धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढ्या-घोड्यांसकट तळ, उतरला होता. फलटण-बारामतीकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येतात. रात्री मेंढ्या शेतात बसवतात, शेताला खत मिळतं, त्याबद्दल शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. पावसाआधी पुन्हा घाटावर. एका दिशेलाच दोनशे किलोमीटरच्या वर अंतर पडतं, आणि बिऱ्हाड असतं तट्टांच्या पाठीवर: बाज, भांडी, मेंढ्या कोंडायची जाळी म्हणजे वाघर, पायाला दोरी बांधलेल्या कोंबड्या, चालता न येणारी कोकरं. मेंढ्या पुरुषांकडे, घोडी बायकांकडे. अलीकडे भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळाली, ती या बायकांनी पिढ्यानपिढ्या जतन केलेली घोडी आहे.

एक आजी पुढे आल्या. ठोंब्याला बघून त्यांनी मला विचारलं नाही, सरळ पुढच्या पायाला हात घातला, नळी चाचपली, खूर उचलून नाल बघितली. मग बरगड्यांवरून तळहात फिरवला.

"घोडं आपल्याकडचंच दिसतंय. पर माजवलंयस पोरी."

"चालायला ताकद नको का, आजी?"

"ताकद पायात आस्ती. आमची बघ, बरगडी दिसती. चालणाऱ्याची बरगडी हाताला लागाय पायजे."

एन्ड्युरन्सचे पशुवैद्य घोड्याच्या बरगड्या हाताने चाचपून अंगावरच्या चरबीचे गुण देतात, तेच आजी करत होत्या. ठोंब्याला किमान वीस किलो कमी करायला हवे होते, हे मला ऐकून घ्यावं लागलं. त्यांची घोडी बाजूला उभी होती. ठोंब्यापेक्षा चार बोटं बुटकी, पाठीवर जुन्या ओझ्याचे पांढरे वण, आणि भाताच्या धसकटांतून गवताची एकेक काडी निवडून खात होती. ठोंब्याने आदल्याच दिवशी नुसता पेंढा नाकारला होता. ते बरंच झालं, कारण एकदम चारा बदलला की घोड्याच्या पोटात गोळा धरतो. आम्ही कडबा घरून आणला तो याचसाठी. पण त्या घोडीसमोर आमचा टेंपो जरा जास्तच वाटला.

दिवेआगरची पुळण सुरेख. तिथून शेखाडीमार्गे श्रीवर्धनचा रस्ता समुद्राला चिकटून चढतो आणि उतरतो, आणि पायाखाली डांबर. तिथी पुढे सरकली की ओहोटी रोज पाऊण तास उशिरा, त्यामुळे निघायला उशीर झाला. एन्ड्युरन्सवाले एक बेरीज करतात: फॅरनहाइटमधलं तापमान अधिक आर्द्रतेची टक्केवारी. १३० च्या आत असेल तर निर्धास्त, १५० च्या वर गेली तर सांभाळून, १८० च्या वर घोडा काढायचाच नाही. रेवदंड्याला पहाटे ६८ आणि ८०, म्हणजे १४८. श्रीवर्धनच्या जीवना बंदराशी पोचलो तेव्हा ९१ आणि ६०. आकडा थोडाच वाढलेला, पण वर ऊन आणि खाली तापलेलं डांबर.

ठोके ७६. सावलीत उभा केला, अंगावर पाणी ओतलं, हाताने निपटलं, पुन्हा ओतलं. घोड्याच्या घामात मीठ फार जातं, म्हणून एका बादलीत मीठ-गुळाचं पाणी आणि दुसरीत साधं; त्याने दोन्ही प्याली. वीस मिनिटांनी ६८. अर्ध्या तासाने ६०. स्पर्धा असती तर बाद झालो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोके ३६, भूक जबरदस्त, पण तंगाखाली मुठीएवढी सूज, हात लावला तर गरम. घाम आणि खाऱ्या वाळूने कातडी घासली गेली होती. खोगीर चढवण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही उतरलो होतो त्या घरचे काका हळहळले, "एवढं आलात, आता हरिहरेश्वर तर वीस किलोमीटर!" मावसभावाने त्यांना ठोंब्याची सूज दाखवली, मग त्यांनीच हळद आणून दिली.

हरिहरेश्वर टेंपोच्या खिडकीतून पाहिलं. तिथून माणगाव, ताम्हिणी आणि घर. आता चंदी निम्म्यावर आणली आहे आणि तंगाला आतून लोकरीची पट्टी शिवायला टाकली आहे.